दुःखातल्या माणसाजवळ कसं बसावं

माझा भाऊ गेला तेव्हा ‘काही लागलं तर सांग’ असं कितीतरी जण म्हणाले. मनापासूनच म्हणाले असतील, पण काय लागतंय हेच मला कळत नव्हतं. म्हणून विचारू नका, ठरवून सांगा: ‘उद्या चारला येते, बँकेचं काम घेऊन बसू.’ माझी मैत्रीण तशीच आली. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढल्या, फॉर्म भरले आणि जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली. त्या फुल्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

गेलेल्याचं नाव घ्यायला कचरू नका. रडू येईल, येऊ द्या. ते तसंही येतंच. ‘खंबीर राहा’ मात्र नको.

दुःखाच्या ‘पाच पायऱ्या’ (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) १९६९ साली मांडल्या गेल्या, त्या मुळात मरणासन्न रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे. तेव्हा ‘अजून राग कसा गेला नाही?’ असं मोजत बसू नका.

सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्पच असेल, तर डॉक्टरांकडे सोबत जा. जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर थांबू नका: स्पष्ट विचारा, एकटं सोडू नका, लगेच मदत मिळवा.

पहिल्या पंधरवड्यानंतर फोन आटतात. खरं एकटेपण तिथून सुरू होतं. त्याचा वाढदिवस, गेल्याची तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. त्या दिवशी एवढंच लिहा: ‘आज त्याची आठवण आली. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’