वसाहतकालीन घाटाचा चांदीचा चहा-संच: पारख आणि निगा

ब्रिटिश अमदानीत आपल्याकडील कारागिरांनी किटली, दूधदाणी आणि साखरदाणी यांचे घाट इंग्रजांकडून घेतले, अंगावरचे काम मात्र आपापल्या प्रांताचे केले: कच्छच्या भांड्यांवर दाट वेलबुट्टी, मद्रासकडे देवदेवता, काश्मीरकडे चिनारची पाने. या धाटणीचा हातघडणीचा संच मुंबईत घ्यायचा असेल, तर झवेरी बाजारात जाण्यापूर्वी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातील एकोणिसाव्या शतकाचे कलाकाम शांतपणे पाहून घ्यावे. चांगल्या कामाची सवय आधी डोळ्यांना व्हावी लागते.

दुकानात प्रथम ठसा पाहावा. ९२५ या आकड्याचा अर्थ हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे. शुद्ध चांदी मऊ असल्यामुळे वापरातल्या भांड्याला ही भर लागतेच. जुन्या भांड्याखाली ‘ई. पी. एन. एस.’ अशी अक्षरे असतील, तर ते केवळ मुलाम्याचे आहे. त्यानंतर झाकण उघडून किटलीच्या आत पाहावे, कारण खरी घडण तेथे कळते. उठावाच्या कामात कारागीर नक्षी आतून फुगवतो, मग भांड्यात राळ भरून ती बाहेरून बारीक ठशांनी रेखतो आणि ठोकून कडक झालेला पत्रा पुन्हा पुन्हा तापवून मऊ करतो. त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक फुलाचा खळगा आत दिसतो आणि शेजारची दोन फुले कधीच तंतोतंत सारखी नसतात. नक्षी हुबेहूब तीच तीच येत असेल, तर ती साच्यावर दाबलेली समजावी आणि तिला हातकामाची घडणावळ देऊ नये.

किटलीची मूठही तपासावी. चांदीइतकी उष्णता दुसरा कोणताही धातू वाहून नेत नाही, म्हणून जुन्या मुठींत हस्तिदंताच्या चकत्या बसवत. हस्तिदंताचा व्यापार आता कायद्याने बंद आहे. नव्या संचात लाकडी चकत्या मागून घ्याव्यात.

चांदी काळवंडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे, आणि मुंबईच्या दमट हवेत हे लवकर घडते. वापरानंतर भांडी कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन मऊ सुती कापडाने लगेच कोरडी करावीत. राख, रांगोळी किंवा खरखरीत पावडर यांनी नक्षीची धार झिजते. ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांचा उपाय झटपट असला, तरी नक्षीला खोली देणारी खाचांमधली काळी छटाही त्याने निघून जाते आणि काम सपाट दिसू लागते. उठावाच्या भांड्यांवर तो मुळीच करू नये. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक भांडे मलमलीत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवावे. लोकर आणि रबरबँड यांत गंधक असल्याने ती जवळही नकोत. संचासोबत मीठदाणी असेल, तर मिठाने चांदीला खड्डे पडतात म्हणून आत काचेची वाटी बसवावी आणि जेवण आटोपताच मीठ काढून घ्यावे.