सी भाषेत जेसन लिहिणारी छोटी लायब्ररी कशी बांधावी

मायक्रोकंट्रोलरवरून सेन्सरची रीडिंग पाठवायची असोत किंवा एका प्रोग्रॅमचा निकाल दुसऱ्याला द्यायचा असो, अशा कामांत जेसन (JSON, माहितीची देवाणघेवाण करायचं मजकुराचं रूप) बहुतेकदा फक्त लिहायचं असतं, वाचायचं नसतं. सीजेसनसारखी (cJSON) तयार लायब्ररी आधी मेमरीत झाड उभं करते, प्रत्येक नोडसाठी मेमरी मागते आणि मग त्या झाडाचा मजकूर करते. नुसतं लिहायला हे झाड लागत नाही. मूल्य आलं की थेट बफरात (मेमरीतल्या राखून ठेवलेल्या जागेत) उतरवायचं, आणि एवढ्यासाठी काही शे ओळींचा कोड पुरतो.

सुरुवात एका स्ट्रक्टने करा. बफरचा पॉइंटर, त्याची क्षमता, आतापर्यंतची लांबी, नेस्टिंगची (एकात एक कंसांची) पातळी आणि चूक झाल्याची खूण एवढंच त्यात ठेवा. बफर वापरणाऱ्यानेच द्यावा. लायब्ररीने मॅलॉकला (malloc, मेमरी मागणारं फंक्शन) हात लावू नये.

मग एक बाइट लिहिणारं फंक्शन लिहा आणि बाकी सगळं त्यातूनच जाऊ द्या. जागा असेल तर बाइट ठेवा, नसेल तर सोडून द्या, पण लांबी दोन्ही वेळा वाढवा. सी९९ (सी भाषेचं १९९९ चं मानक) मधलं एसएनप्रिंटएफ (snprintf, बफरात मजकूर छापणारं फंक्शन) असंच वागतं. त्यामुळे क्षमता शून्य देऊन एकदा चालवलं की नेमकी किती जागा लागेल ते कळतं. शेवटच्या शून्य बाइटसाठी एक जागा जास्त धरा.

स्वल्पविराम वापरणाऱ्यावर सोपवू नका. प्रत्येक पातळीसाठी एक बिट ठेवा: इथे आधी काही लिहिलं आहे का? ३२ बिटांच्या एका बिनचिन्ही पूर्णांकात ३२ पातळ्या मावतात, त्यापुढे गेल्यास चूक नोंदवा. कंस उघडला की नव्या पातळीचा बिट पुसायचा. की (key, म्हणजे मूल्याचं नाव) लिहिल्यानंतर येणाऱ्या मूल्याआधी मात्र स्वल्पविराम येत नाही, त्यासाठी वेगळी खूण लागते.

खरी काळजी स्ट्रिंगमध्ये घ्यायची. २०१७ च्या आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकाप्रमाणे दुहेरी अवतरणचिन्ह, बॅकस्लॅश आणि ३२ पेक्षा लहान कोडची सगळी नियंत्रण अक्षरं एस्केप करावीच (म्हणजे बॅकस्लॅश लावून लिहावीच) लागतात. नवी ओळ, टॅब वगैरेंना छोटी रूपं आहेत. उरलेल्यांसाठी बॅकस्लॅश, यू आणि चार हेक्स अंक. बाकीचं युटीएफ-८ (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) जसंच्या तसं जाऊ द्या. इथे एक फसवी जागा आहे. अनेक कंपायलर कॅर (char) हा प्रकार चिन्हासह धरतात, म्हणून १२८ आणि त्यापुढचे बाइट ऋण होतात आणि ‘३२ पेक्षा लहान’ या तपासणीत अडकतात. ‘म’ हे अक्षर युटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचं आहे आणि तिन्ही बाइट १२८ च्या वरचे आहेत. म्हणजे सगळा मराठी मजकूर विस्कटेल. तुलनेआधी अनसाइन्ड कॅरमध्ये रूपांतर करा आणि चाचणी देवनागरी मजकुरावरही घ्या. नुसत्या इंग्रजीवर हा दोष दिसणारच नाही.

पूर्णांक छापताना ऋण संख्येचं चिन्ह थेट बदलू नका. ६४ बिटांतली सर्वात लहान संख्या त्या प्रकारात धन होऊच शकत नाही, म्हणून आधी बिनचिन्ही प्रकारात न्या. ९००७१९९२५४७४०९९२ च्या पलीकडचे ओळख क्रमांक स्ट्रिंग म्हणूनच पाठवलेले बरे, कारण जावास्क्रिप्ट त्यांचे शेवटचे अंक गमावू शकते.

दशांश संख्यांना १७ सार्थ अंक दिले की डबल (सी मधला दशांश संख्यांचा प्रकार) अचूक परत मिळतो, पण ०.१ च्या मागे नको असलेलं शेपूट दिसतं. आधी १५ अंकांनी छापा, एसटीआरटीओडीने (strtod, मजकुरातून संख्या वाचणारं फंक्शन) परत वाचा, जुळलं नाही तर १६ आणि मग १७. लोकेलनुसार (देश-भाषेच्या सेटिंगनुसार) प्रिंटएफ दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम छापू शकतं. तो टिंबात बदला, पण वाचून तपासल्यानंतर. अनंत आणि नॅन (NaN, ‘संख्या नाही’ असं दाखवणारं मूल्य) यांना जेसनमध्ये जागा नाही, त्यांच्याऐवजी नल (null) लिहा.

तयार मजकूर पायथॉनच्या जेसन मॉड्यूलने वाचून पाहा. पण ते नॅन मुकाट्याने स्वीकारतं, म्हणून त्याची चाचणी वेगळी लिहा.