घरफोडी कशी टाळावी: कोयंड्यापासून शेजाऱ्यापर्यंत

'कडीकोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला' हे वाक्य घरफोडीच्या बातमीत हमखास असतं. अशा ठिकाणी महागडं कुलूप बहुतेक वेळा शाबूतच लटकत असतं. ज्यात ते अडकवलेलं असतं, तो कोयंडा कटावणीच्या एका हिसक्यात चौकटीतून निघून आलेला असतो. आपण कुलपावर हजार रुपये खर्च करतो आणि कोयंडा मात्र अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर सोडतो.

पुरेसा वेळ मिळाला आणि कुणी हटकलं नाही, तर कुठलंही दार फोडता येतं. म्हणून करायच्या गोष्टी दोनच आहेत. चोराला जास्त वेळ लागेल आणि जास्त आवाज करावा लागेल, अशी घराची बांधणी करायची. आणि तो आवाज ऐकून फोन उचलेल असं माणूस जवळ असेल, याची व्यवस्था करायची. पहिल्या गोष्टीला पैसे लागतात, दुसरीला बोलणं लागतं. तालुक्याच्या गावाबाहेर एन. ए. (बिगरशेती) प्लॉटवर उभ्या राहिलेल्या वसाहतींत पहिली असते, दुसरी बहुतेक नसते. निम्मे प्लॉट रिकामे, नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि शेजारच्याचं आडनावही माहीत नाही, अशी तिथली परिस्थिती. हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी आहे, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

१. आधी दार तपासा

दार बंद करून बाहेर उभे राहा आणि कडी-कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात का ते पाहा. दिसत असतील तर ते पेचकसानेही निघतील. सुताराला बोलावून आरपार बोल्ट टाकून घ्या आणि नट आतल्या बाजूने कसून घ्या. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांच्या पिना ठोकून काढता येतात, त्या वेल्डिंग करून घ्या. चौकटीला वाळवी लागली असेल तर यातलं काहीच टिकणार नाही, आधी चौकट बदला.

बाहेर लोंबणारं कुलूप रस्त्यावरून दिसतं आणि घरात कुणी नसल्याचं सांगतं. दाराच्या आत बसणारं कुलूप असेल तर ते कळत नाही. शक्य असेल तर पुढे लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर बसवा. मुख्य दार न उघडता बाहेरच्याशी बोलता येतं, हा त्याचा रोजचा फायदा. नुसतं लॅच ओढून घेतलं म्हणजे दार बंद झालं असं समजू नका. किल्ली फिरवल्याशिवाय त्याचा पक्का खटका बसत नाही.

मागचं दार आणि गच्चीचं दार यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. तिथे पत्र्याचं दार आणि एक साधी कडी असते. पुढच्या दारावर जितका खर्च केला तितकाच तिथेही करा.

२. खिडक्या आणि किल्ल्या

ज्या फटीतून डोकं जातं तिथून लहान चणीचा माणूस आत जातो, याच हिशेबाने गजांमधलं अंतर ठेवा. ग्रिल भिंतीत रोवलेलं हवं, लाकडी पट्टीवर स्क्रूने लावलेलं नको. न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्या हाताने निघतात, तिथेही गज लावा. मात्र एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप जरूर ठेवा आणि तिची किल्ली कुठे आहे ते घरातल्या लहानांनाही माहीत असू द्या. आग लागली तर पक्कं ग्रिल घरातल्यांनाच अडकवतं.

किल्ली पायपुसण्याखाली, कुंडीत, चपलांच्या रॅकमध्ये किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नका. शोधणारा आधी तिथेच हात घालतो. लोखंडी कपाटाची किल्ली त्याच खोलीत गादीखाली असेल, तर त्या कपाटाला कुलूप लावण्यात काही अर्थ नाही. उन्हाळ्यात उकाड्यामुळे सगळं घर गच्चीवर झोपायला जातं, तेव्हा खालच्या दारांना कुलूप लावून किल्ली उशाशी घ्या.

३. घर बंद असल्याच्या खुणा पुसा

पाळत ठेवणारा कुलपाआधी अंगण पाहतो. चार दिवसांची वर्तमानपत्रं, फाटकाला अडकलेली दुधाची पिशवी, वाळलेली तुळस, न पुसलेली जुनी रांगोळी आणि भर दुपारी जळणारा पोर्चमधला दिवा. हा दिवा लोक सुरक्षेसाठी लावून जातात आणि तोच घर रिकामं असल्याची जाहिरात करतो. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा आणि उजाडल्यावर विझणारा सेन्सरचा दिवा स्वस्तात मिळतो, तो लावा.

गावाला जाताना पेपर आणि दूध बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे ते शेजारी घ्यायला सांगा. शेजारच्या काकूंनी सकाळी तुमच्या दारात पाणी शिंपडून दोन रेघांची रांगोळी काढली, तर घर नांदतं दिसतं. प्रवासाचे फोटो आणि स्टेटस परत आल्यावर टाका. गणपतीत कोकणात जाणारे चाकरमानी, दिवाळीत गावी जाणारे शिक्षक, लग्नसराईत सहकुटुंब निघालेले, या सगळ्यांच्या घरांची कुलपं एकाच आठवड्यात लागतात. तेव्हा हे जास्त सांभाळावं लागतं. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून गेलात तर गस्तीवरचे पोलीस त्या बाजूला चक्कर मारू शकतात.

४. पाच घरांचा गट बांधा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच उद्यावर ढकलला जातो. दोनशे जणांचा सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप इथे कामाचा नाही. सुप्रभात आणि वाढदिवसांच्या गर्दीत रात्री अडीच वाजताचा संदेश कुणी वाचत नाही. तुमच्या दारातून ज्यांची दारं दिसतात, अशी चार-पाच घरं पुरेत. एका रविवारी चहाला बोलवा आणि या गोष्टी ठरवून टाका.

प्रत्येक घराचे दोन फोन नंबर कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. संकटात संदेश पाठवायचा नाही, फोन करायचा. म्हणून रात्री फोनचा आवाज बंद ठेवायचा झाला, तरी हे नंबर वाजतील अशी सोय करून ठेवा. गावाला जाणाऱ्याने गटातल्या एका घराला तरी जाण्या-येण्याच्या तारखा सांगायच्या. कामवाली बाई, प्लंबर किंवा पाहुणा येणार असेल तर तेही सांगायचं. मग बंद घराचं दार उघडं दिसलं की शेजारी 'त्यांचंच कुणी असेल' म्हणून पुढे जाणार नाही. दुपारी घरी असणारे आजी-आजोबा या गटाचे खरे डोळे असतात. त्यांना मान देऊन हे काम सोपवा आणि कुणाला फोन करायचा ते नीट समजावून सांगा.

एक गोष्ट मुद्दाम पाहा. घर फोडण्याआधी चोर आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावतात. जाग आली तरी मदतीला जाणारे आतच अडकतात. त्यामुळे कडी फक्त तुमच्या दाराची पाहून भागत नाही. पाचही दारांच्या बाहेरच्या कड्या काढून टाका, किंवा त्या उघड्या स्थितीतच राहतील अशी छोटी कुलपं त्यांना घाला. हे काम एकट्याने करून उपयोग नाही, ते सगळ्यांनी करायचं आहे.

खेडेगावात ग्राम सुरक्षा दल आणि पोलीस पाटील ही जुनी व्यवस्था आहेच. राज्यातल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणाही आहे. एका ठरलेल्या टोल फ्री क्रमांकावर संदेश दिला की गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात. आपलं गाव त्यात आहे का आणि आपला नंबर नोंदवलेला आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

५. संशय आला तर काय करायचं आणि काय नाही

आधी 112 ला फोन लावा. पत्ता, जवळची ठळक खूण, माणसं किती, वाहनाचा नंबर आणि ती कोणत्या दिशेला गेली, एवढं सांगा. मग गटाला फोन करा. सगळ्यांनी एकाच वेळी दिवे लावायचे, शिट्ट्या वाजवायच्या, आरडाओरडा करायचा. अंगावर धावून जायचं नाही, कारण आतल्याच्या हातात कटावणी असते. चोर पळाला तर पळू द्या, जीव वाचला आणि घरही वाचलं. डोळ्यांदेखत गुन्हा करणाऱ्याला पकडलंच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. त्याला मारायचा अधिकार कुणालाही नाही.

हे बजावून सांगावं लागतं, कारण महाराष्ट्रात याची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. ज्या समाजांना इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या मागचा तो शिक्का 1952 मध्ये कायदा रद्द होऊनही पुरता पुसला गेलेला नाही. म्हणून गटात पहिल्याच दिवशी ठरवा की संशय कृतीवर घ्यायचा, वेशावर, भाषेवर किंवा जातीवर नाही. भांडी विकणारी बाई संशयित नाही. बंद घराच्या कड्या हलवून पाहणारा, मग तो इस्त्रीच्या कपड्यातला का असेना, संशयित आहे. आलेला फॉरवर्ड पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

६. कॅमेरा, दागिने, विमा

कॅमेरा चोराला अडवत नाही, नंतर ओळख पटवतो. तो फार उंचावर लावला तर फक्त टोपी दिसते. फाटकाजवळचा एक तरी कॅमेरा चेहरा दिसेल अशा उंचीवर हवा. कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डीव्हीआर हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोही उचलून नेतात. तारीख-वेळ बरोबर आहे का ते पाहा, कंपनीचा मूळ पासवर्ड बदला, लेन्सवरची कोळिष्टकं अधूनमधून पुसा.

दागिने लॉकरमध्ये ठेवणं घरापेक्षा केव्हाही बरं. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडं 3,000 रुपये असेल तर 3 लाख. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन, पावती आणि हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक (एचयूआयडी) लिहून ठेवा आणि ती यादी घराबाहेरही एका जागी ठेवा.

'भारत गृह रक्षा' ही घराची प्रमाणित पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. तिच्यात चोरीला संरक्षण मिळतं ते अशा आपत्तीमुळे, तिच्यानंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतं. घरफोडीसाठी वेगळं कलम किंवा वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. ती घेतलीत का, हे आजच कागद काढून तपासा.

७. घर फुटलंच तर

दार उघडं दिसलं तर आत जाऊ नका, कुणी आत असू शकतं. बाहेरूनच 112 ला कळवा. पोलीस येईपर्यंत कपाट, कड्या, विखुरलेलं सामान यांना हात लावू नका, शेजाऱ्यांनाही आत येऊ देऊ नका. ठसेतज्ज्ञांना आणि श्वानपथकाला लागणारं सगळं तिथेच असतं. कार्ड आणि चेकबुक गेलं असेल तर बँकेला लगेच कळवा.

एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ऑनलाइन कळवल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. त्याची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. गेलेल्या वस्तूंची यादी घाईत अंदाजाने देऊ नका. नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो. मुद्देमाल सापडला तर तो न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो आणि तेव्हा वस्तू तुमचीच आहे हे दाखवण्यासाठी ते फोटो आणि पावत्या लागतात.

पंचनामा झाला की त्याच संध्याकाळी दार दुरुस्त करा आणि कुलपं बदला. फुटलेलं घर थोड्याच दिवसांत पुन्हा फोडलं जाण्याचा धोका जास्त असतो, आणि तसाच धोका शेजारच्या घरांनाही असतो. त्यामुळे सुतार आलाच आहे तर उरलेल्या चार दारांचे कोयंडेही त्याला दाखवून घ्या.