आधी परतीची गाडी, मग पिशवी

चिपळूणात राहते आणि गाडी नाही म्हटलं की लोकांना वाटतं ही बिचारी कुठे जातच नसणार. उलट आहे. मी आणि माझी मामी (वय ७६, गुडघे कुरकुरतात पण खिडकीची सीट मिळाली की गप्प बसतात) महिन्यातून एकदा तरी सकाळची पहिली एसटी पकडतो आणि रात्री जेवायला घरी असतो. परवा भाची विचारत होती, आत्या आम्हालाही जायचंय, काय काय घेऊ सोबत. तिला जे सांगितलं तेच लिहून काढतेय, म्हणजे परत परत सांगायला नको.

तिला पिशवीत काय भरायचं ते हवं होतं. म्हटलं पिशवी नंतर, आधी परतीची गाडी शोध. जायचं कसं हे कोणीही सांगतं, यायचं कसं हे ज्याची एकदा चुकलीय तोच सांगतो. कोकणात हायवे आणि रेल्वे दोन्ही आतल्या अंगाने उत्तर-दक्षिण जातात आणि समुद्राकडची गावं त्याला फणीच्या दातांसारखी लागलेली, दोन दातांच्या मध्ये कुठे ना कुठे खाडी. त्यामुळे समोर दिसणाऱ्या गावाला जायचं तरी बऱ्याचदा परत वर हायवेला यायचं आणि दुसऱ्या दाताने खाली उतरायचं. म्हणून आमचा एकच नियम, अंधार पडायच्या आत हायवेला लागायचं. नाक्यावर उभं राहिलं की रात्री नऊलासुद्धा काही ना काही मिळतं, खाली बंदरावर सात वाजता उभं राहिलं तर आपण आणि कुत्री.

हे शहाणपण फुकट नाही आलं. चार वर्षांपूर्वी एका स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारलं की अमुक गावाहून शेवटची गाडी कितीला आहे, आतून उत्तर आलं सव्वासहा, आम्ही निवांत. सव्वासहाला गाडी आली पण, माणसं उतरली, आम्ही दोघी चढून पुढच्या सीटवर बसलो, तर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाकी शर्ट काढून हँगरला लावला आणि बादली घेऊन विहिरीकडे निघाला. कंडक्टर म्हणाला, मावशी ही वस्तीची गाडी, आता सकाळी साडेसहाला सुटेल. खिडकीतला माणूस खोटं बोलला नव्हता, गाडी सव्वासहालाच होती, फक्त ती येणारी होती. मच्छीच्या टेंपोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून तिठ्यापर्यंत (तीन रस्ते मिळतात तो नाका) आलो, पाच-सहा वेळा धुतली तरी माझ्या ओढणीला बांगड्याचा वास होता. तेव्हापासून प्रश्न असा विचारायचा, तिथून परत यायला शेवटची गाडी कितीला निघते, आणि ती वस्तीची आहे का. आणि चौकशीत विचारलं तरी ज्या गाडीने उतरतो त्याच कंडक्टरला परत एकदा विचारायचं, कारण त्या रस्त्यावर रोज कोण येतं-जातं हे त्याला तोंडपाठ असतं. शेवटच्या गाडीवर विसंबायचं पण नाही, तिच्या आधीची धरायची, शेवटची ही चुकली तर म्हणून ठेवायची.

वार बघा. रविवारी आणि मे महिन्यात शाळेच्या फेऱ्या नसतात आणि गावाकडच्या बऱ्याच गाड्या शाळेच्या वेळेवरच बांधलेल्या असतात. शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे संध्याकाळची वाटणारी गाडी दुपारीच निघून गेलेली असू शकते. मला बुधवारी सुट्टी असते ते त्या दृष्टीने बरंच पडतं, शिवाय बुधवार खायचा वार. गणपतीत आणि शिमग्यात फिरायला निघूच नका, मुंबईकरांच्या जादा गाड्यांसाठी आगारातल्या गाड्या तिकडे जातात आणि गावच्या फेऱ्या रद्द होतात, फलाटावर बसून शेंगदाणे खायचे एवढंच.

गाडीची पाटी पूर्ण वाचा, मोठ्या अक्षरातलं गाव वाचून चढू नका, खाली बारीक अक्षरात मार्गे काय लिहिलंय ते महत्त्वाचं. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारे मार्गे गेलात तर अर्धा रस्ता समुद्राच्या कडेने, निवळी मार्गे गेलात तर लांबचा वळसा आणि समुद्र एकदम पुळ्यातच. दोन्हीवर पाटी गणपतीपुळेच.

आता एक अख्खा दिवस सांगते, आमचा सगळ्यात आवडता. चिपळूणहून सकाळची गुहागर गाडी, ४५ किलोमीटरच्या आसपास, दीड तास धरा. गुहागरच्या स्टँडवरून व्याडेश्वर चालत, देऊळ झालं की मागच्या गल्लीने सरळ समुद्र. चालायला कितीही किनारा आहे, वरच्या पाटाकडे जा नाहीतर खालच्या पाटाकडे (गावाचेच दोन भाग), मामी सुरूच्या सावलीत बसते आणि मी चालून येते. जेवणाचं गाडीत बसल्या बसल्याच फोन करून सांगून ठेवायचं, घरगुती खानावळीत आयत्या वेळी गेलात तर आधी सांगितलेल्यांची पानं वाढतील आणि तुम्हाला डाळभात. मग धोपावे. तिकडे एसटी मोजक्या, वेळ जुळली तर ठीक, नाहीतर रिक्षा ठरवायची आणि ठरवतानाच भाडं बोलून घ्यायचं. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, पाऊण तासाचं काम नाही, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. ही फेरी २००३ पासून आहे, त्याआधी गाडीवाल्यांना अख्खी खाडी वळसा घालून यावं लागायचं. गंमत म्हणजे खाली जे पाणी असतं ते आपल्या चिपळूणच्या वाशिष्ठीचंच, तीच नदी इथे समुद्राला मिळते, मामी दर वेळी कठड्याला धरून म्हणते, बघ गो, आपल्या घरावरून आलंय हे. २०२१ च्या पुरानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र ती काही बोलली नव्हती.

दाभोळला उतरलात की जेट्टीजवळ आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, अर्धा तास द्या. तिथून दापोली गाडी, दापोलीहून खेड, प्रत्येकी तासभर धरा. खेडला आलात म्हणजे हायवेला लागलात, पुढची काळजी मिटली. खेडहून चिपळूणला ट्रेन आहे किंवा एसटी. खेडचं रेल्वे स्टेशन एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखं नाही, रिक्षाचे पैसे आणि वेळ धरूनच ठरवा, आम्ही तर बहुतेक वेळा एसटीनेच येतो. हीच फेरी उलटी करू नका, उलटी केलीत तर संध्याकाळी तुम्ही खाडीकाठी असाल.

ट्रेनचं थोडक्यात. आपल्या पट्ट्यात एकच रूळ आहे, त्यामुळे पॅसेंजर क्रॉसिंगला बाजूला घेतात आणि मागून-पुढून दोन एक्सप्रेस गेल्यावर सोडतात, म्हणून ट्रेनमधून उतरून लगेच दहा मिनिटांत एसटी असा प्लॅन कागदावरच बरा. पावसाळ्यात वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, जुना स्क्रीनशॉट बघून जाऊ नका. आणि स्टेशनच्या नावापुढे रोड असेल, राजापूर रोड, सावंतवाडी रोड, तर ते गाव स्टेशनपासून लांब आहे असंच समजा. कुडाळ किंवा कणकवलीसारखं उतरलं की गाव, असं तिथे नाही.

पैसे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि त्याच्या आधीपासूनच ७५ च्या वरच्यांना मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं, त्यामुळे दिवसभराच्या या फिरण्यात आमचा एसटीचा खर्च मच्छीच्या एका थाळीएवढापण होत नाही. मामीचं आधार कार्ड मात्र हवंच, तिचं पांढरं डोकं बघूनही कार्ड मागतात आणि बरोबरच आहे. कंडक्टरच्या मशीनवर ऑनलाइन पैसे घेतात पण सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, रेंज गेली की तो क्यूआर फिरत बसतो आणि मागची रांग तुमच्याकडे बघते. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा. शंभर दिलेत तर तिकिटामागे उरलेले पैसे लिहून देतील, उतरताना मागायचे लक्षात ठेवायचं ते तुमचं तुम्ही.

आता पिशवी, जी भाचीला हवी होती. एकच, खांद्यावरची, दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत कारण एसटीत चढताना एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने मामी. खिडकीतून टाकायला एक जुना मोठा रुमाल, चांगला नको, सीट मिळेल पण रुमाल मिळेलच असं नाही. पाण्याच्या दोन बाटल्या, एकात कोकमाचं आगळ, मीठ आणि साखर घालून, दुपारी दोनच्या उन्हात डोकं उठतं तेव्हा त्याच्याइतकं काही चालत नाही. तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी, जेवण सांगितलं असलं तरी, कारण रिक्षा मिळेपर्यंतची भूक वेगळी. गाडी लागत असेल तर आवळासुपारी, पुढची सीट आणि प्लॅस्टिकची पिशवी, लाजायचं कारण नाही, घाटात अर्धी गाडी त्याच अवस्थेत असते. चप्पल मागून पट्टा असलेली, पाखाडीच्या (गावातल्या उतरत्या पायवाटेच्या) जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि साधी स्लीपर सटकते. मोबाईल, पॉवरबँक, छत्री बाराही महिने.

आणि निघायच्या आदल्या रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा. भरतीचा हिशोब जुन्या माणसांचा सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची, जे येईल त्या तासाच्या आसपास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. दिवसा एक, रात्री एक, त्यापासून सहाएक तासांनी ओहोटी. वाळूत चालायचं असेल तर ओहोटीची वेळ पकडा, घट्ट ओली वाळू मिळते, भरतीला वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात आणि मामीचे गुडघे बोलायला लागतात. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडे-तिकडे होतो, त्यावर पोहायला उतरू नका. पावसाळ्यात तर उतरूच नका, किल्ल्यांच्या होड्यासुद्धा तेव्हा बंद असतात.

घरचं राहिलं. शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि नळाचं पाणी आलं तर भरून ठेवायला सांगणं. डाळ-तांदूळ धुवून, कुकर तयार, आल्यावर फक्त गॅस लावायचा. आणि आपल्या आळीतल्या रिक्षावाल्याचा नंबर कागदावर लिहून पाकिटात, कारण रात्री साडेनऊला स्टँडवर उतरतो तेव्हा मोबाईलची बॅटरी एक टक्का असते आणि पॉवरबँक मामीने कशाखाली तरी ठेवलेली असते.