सबनॉटिका: बुडालेल्या अवशेषांत शिरून जिवंत बाहेर कसं यावं

हे सगळं २०१८च्या मूळ सबनॉटिका या समुद्राखाली जगण्याच्या व्हिडिओ गेमबद्दल आहे. स्कॅनर, फिन्स आणि ऑक्सिजनची मोठी टाकी तुमच्याकडे आहे असं धरतो.

कोसळलेल्या ऑरोरा अंतराळयानाचे तुकडे शोधणं सोपं आहे: सीमॉथ (छोटी पाणबुडी) घेऊन समुद्रतळालगत फिरा, पण अपग्रेड नसेल तर २०० मीटरच्या खाली नेऊ नका. अवशेष दिसला की सीमॉथ अगदी तोंडाशी उभी करा, कारण तिच्यात बसलं की ऑक्सिजन भरतो. निघण्याआधी सेव्ह करा. गेम स्वतःहून करत नाही.

खरी अडचण आत आहे. ‘ऑक्सिजन जास्त न्या’ हा सल्ला अर्धवट आहे. हवा संपते ती शेवटी, त्याआधी वाट चुकलेली असते. तुकडा कलंडलेला असला की जमिनीची भिंत होते, दार छतात जातं आणि येताना बाजूला दिसलेलं भोक परतताना डोक्यावर असतं.

‘तोंडाशी बीकन (जागा स्क्रीनवर दाखवणारं उपकरण) टाका’ असंही सगळे सांगतात. टाकाच, पण त्यावर विसंबू नका. बीकन सरळ रेषेतलं अंतर दाखवतो. स्क्रीनवर १८ मीटर दिसतात, तुम्ही त्या दिशेने झेपावता आणि समोर लोखंडी भिंत! वाट मात्र मागच्या खोलीतून वळसा घालून जाते. म्हणून प्रत्येक वळणावर पाथफाइंडरची, म्हणजे वाटेत खुणा सोडणाऱ्या उपकरणाची, खूण लावा. तो नसेल तर फ्लेअर (जळता दिवा) टाका.

मोठ्या टाकीसह १३५ सेकंद मिळतात. ७५ उरले की मागे फिरा. अर्ध्यावर फिरणं मला अजिबात मान्य नाही, परतताना चाचपडण्यात वेळ जातोच. ३० सेकंदांचा इशारा उघड्या पाण्यात पुरतो, आत तो फार उशिरा येतो. १०० मीटरच्या खाली रीब्रीदर (हवा वाचवणारा मुखवटा) हवाच, नाहीतर ऑक्सिजन लवकर संपतो आणि हा सगळा हिशेब कोलमडतो.

पहिल्या फेरीत काहीही स्कॅन करू नका, कितीही मोह झाला तरी. नुसत्या खोल्या बघा, खुणा लावा, बाहेर या. मेलात तर तुम्ही बांधलेला तळ (बेस) किंवा वाहन सोडल्यापासून जमवलेलं बरंचसं सामान जातं. दुसऱ्या फेरीत सरळ हव्या त्या वस्तूपाशी जा.

बंद दार लागलं तर लेझर कटर घेऊन या. कापायला वेळ लागतो, तेव्हा आधी सीमॉथमध्ये जाऊन टाकी भरून घ्या.