निवृत्तीनंतर अमेरिकेच्या पश्चिमेतल्या छोट्या गावात बिऱ्हाड कसं हलवावं

बे एरियात किंवा सिअ‍ॅटलजवळ आयुष्यभर नोकरी केलेल्या मराठी जोडप्यांच्या गप्पांत साठीच्या सुमारास एक बेत हमखास निघतो. हे घर विकायचं, अ‍ॅरिझोना नाहीतर युटातल्या एखाद्या गावात बंगला घ्यायचा आणि उरलेल्या पैशांवर निवांत राहायचं. बेत चांगलाच आहे. फसतो तो बहुतेकदा गावाच्या निवडीत. निवड करताना दोघं साठीतले असतात, धडधाकट असतात, दोघांनाही गाडी चालवता येते. पण ते गाव ब्याऐंशीव्या वर्षीही पुरायला हवं. तेव्हा कदाचित दोघांतलं एकच उरलेलं असेल आणि गाडीची किल्ली मुलांनी काढून घेतलेली असेल. खालच्या पायऱ्या याच हिशेबाने वाचा.

पायरी १: जुनं घर विकण्याआधी कागदावर हिशेब मांडा

कॅलिफोर्नियातलं घर जुनं असेल, तर १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे (मतदारांनी मंजूर केलेला राज्याचा कायदा) तुमचा प्रॉपर्टी टॅक्स आजच्या बाजारभावाच्या मानाने फारच कमी असतो, कारण करासाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. ही सवलत राज्याबाहेर नेता येत नाही. पंचावन्नच्या पुढच्यांना प्रपोझिशन १९ नुसार ती दुसऱ्या घरावर नेता येते, पण तेही घर कॅलिफोर्नियातच हवं. म्हणून हे घर विकून बाहेर पडलात आणि दोन वर्षांनी नातवंडांसाठी परत यायचं ठरवलंत, तर खिशाला मोठा चटका बसेल.

दुसरा हिशेब नफ्याचा. विक्रीआधीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं स्वतः त्या घरात राहिला असाल, तर नवरा-बायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर केंद्राचा कर नाही. एकट्याला अडीच लाख. समजा, ३ लाखांना घेतलेलं घर १८ लाखांना विकलं. नफा १५ लाख, त्यातले ५ लाख सुटले आणि १० लाखांवर कर लागला. स्वयंपाकघर नवं केल्याच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर त्या इथे कामाला येतात.

दोघांपैकी एकाची तब्येत नाजूक असेल, तर विकण्याची घाई करण्याआधी सीपीएला (करसल्लागार हिशेबनिसाला) जरूर भेटा. कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको, आयडाहो आणि वॉशिंग्टन ही ‘कम्युनिटी प्रॉपर्टी’ची, म्हणजे लग्नानंतरची मिळकत दोघांची सामाईक मानणारी राज्यं आहेत. मालकी त्या पद्धतीने नोंदवलेली असेल, तर जोडीदाराच्या मृत्यूनंतर करासाठी संपूर्ण घराची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाते आणि जुना सगळा नफा करातून पुसला जातो. युटा, कोलोरॅडो, ऑरेगन यांत सर्वसाधारणपणे फक्त अर्ध्या हिश्श्याला हा लाभ मिळतो. असा विचार करणं जिवावर येतं, पण मागे राहणाऱ्याच्या हातात काय उरणार ते यावर ठरतं.

पायरी २: राज्याचे कर बघा, पण त्यांच्या नादी फार लागू नका

नेवाडा आणि वायोमिंगमध्ये राज्याचा आयकर नाही. अ‍ॅरिझोनात २०२३ पासून सरसकट २.५ टक्के आहे. ऑरेगन आणि मॉन्टानात विक्रीकर नाही, पण ऑरेगनमध्ये १० लाख डॉलरच्या वरच्या वारशावर राज्याचा कर बसतो. घर आणि ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं बचतखातं) यांची बेरीज केली की ही मर्यादा अनेकांनी केव्हाच ओलांडलेली असते. आणखी एक भीती उगाच बाळगली जाते: १९९६ च्या केंद्रीय कायद्यामुळे, तुम्ही राज्य खरोखर सोडलं असेल तर कॅलिफोर्निया तुमच्या पेन्शनवर किंवा ४०१केवर कर लावू शकत नाही. तिथलं घर भाड्याने दिलं असेल, तर त्या भाड्यावर मात्र लावते.

पायरी ३: गावाच्या आधी हॉस्पिटल शोधा

नकाशा उघडा आणि चोवीस तास हृदयविकार व पक्षाघातावर उपचार करणारं हॉस्पिटल आधी शोधा. मग त्याच्याभोवती तासाभराच्या अंतराचं वर्तुळ काढा. गाव त्या वर्तुळातच हवं.

पश्चिमेतल्या बऱ्याच छोट्या गावांत ‘क्रिटिकल अ‍ॅक्सेस हॉस्पिटल’ असतं. यात जास्तीत जास्त २५ खाटा असतात. इमर्जन्सी विभाग असतो, पण मोठं काही झालं की रुग्णाला शहरात पाठवतात, कधी हेलिकॉप्टरने. त्यामुळे ‘गावात हॉस्पिटल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. आठवड्यातून किती दिवस कार्डिऑलॉजिस्ट येतो, डायलिसिस कुठे होतं, मेडिकेअरचे (पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचे) नवे रुग्ण घेणारा फॅमिली डॉक्टर आहे का, हे फोन करून विचारा. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि उत्तर अनेकदा ‘यादीत नाव लिहून ठेवतो’ असं येतं.

मग उंची. अ‍ॅरिझोनातलं प्रेस्कॉट निवृत्तांचं लाडकं गाव आहे: जुनं कोर्टहाउस, भोवती झाडं, उन्हाळा फिनिक्सपेक्षा पुष्कळ सुसह्य. ते सुमारे १,६४० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या शिखराइतकं. सांता फे सुमारे २,२०० मीटरवर. चार दिवसांच्या सहलीत हे जाणवत नाही. फुप्फुसांचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर कायमचं राहायला जाण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा. युटातलं सेंट जॉर्ज बरंच खाली आहे, पण तिथला जुलै ३८ अंशांच्या वर जातो. (डाळीला एखादी शिट्टी जास्त द्यावी लागते, एवढा उंचीचा त्रास मात्र सगळेच आनंदाने सोसतात.)

गाडी सुटल्यावर काय, तेही इथेच बघा. बस आहे का, ज्येष्ठांसाठी घरापर्यंत येणारी व्हॅन आहे का, किराणा आणि औषधाचं दुकान पायी गाठता येतं का? डोंगरउतारावरचं, खडीच्या रस्त्यावरचं घर फोटोत फार देखणं दिसतं. बर्फात तिथून बाहेर पडायचं कसं, ते घर दाखवणारा एजंट सांगत नाही.

पायरी ४: आधी भाड्याने राहा, तेही वाईट दिवसांत

लोक ऑक्टोबरात गाव बघायला जातात आणि प्रेमात पडतात. तुम्ही प्रेस्कॉटला जानेवारीत जा, सेंट जॉर्जला जुलैत, न्यू मेक्सिकोत मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा वारा धूळ घेऊन सुटतो. दक्षिण ऑरेगनला ऑगस्टच्या शेवटी जा, वणव्यांचा धूर असतो तेव्हा.

शक्यतो वर्षभर भाड्याने राहा आणि जुनं घर तेवढा काळ भाड्याने द्या. पाचांपैकी दोन वर्षांच्या नियमामुळे ते सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत विकलं, तर ५ लाखांची सूट शाबूत राहते.

पायरी ५: पाणी, वणवा आणि विमा

इथे घाई करू नका. आपल्याकडे गावी जागा घेताना जाणती माणसं आधी पाण्याची चौकशी करतात. अमेरिकेत आल्यावर नळाला पाणी असणारच असं आपण गृहीत धरतो. अ‍ॅरिझोनात स्कॉट्सडेलच्या हद्दीबाहेर रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. तिथल्या शेकडो घरांना टँकरने पाणी यायचं आणि ते टँकर स्कॉट्सडेल शहराच्या पाण्यावर भरले जायचे. कोलोरॅडो नदीच्या टंचाईमुळे शहराने १ जानेवारी २०२३ पासून ते बंद केलं. मोठमोठ्या बंगल्यांत राहणारे लोक पावसाचं पाणी साठवू लागले. याचं मूळ कायद्याच्या पळवाटेत होतं. अ‍ॅरिझोनाच्या नियंत्रित भूजल क्षेत्रांत सहा किंवा जास्त प्लॉट पाडले, तर १०० वर्षं पुरेल एवढं पाणी दाखवावं लागतं. पाच किंवा कमी पाडले, तर नाही. म्हणून जमीन पाच-पाच तुकड्यांत विकली गेली.

तेव्हा विचारा: पाणी नगरपालिकेचं, खाजगी कंपनीचं, बोअरचं की टँकरचं? बोअर असेल तर खोली किती, मिनिटाला किती गॅलन, आसपासच्यांची पातळी खाली गेली आहे का, पाण्यात आर्सेनिक आहे का? एकच बोअर तीन घरांत असेल तर लेखी करार मागा. सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला, तेही विचारा. कोलोरॅडो आणि युटात तळघराची रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) चाचणी करून घ्या.

वणव्याचं तर विचारूच नका. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे असंच स्वस्त, पाइनच्या झाडांतलं, निवृत्तांनी भरलेलं गाव होतं. ८ नोव्हेंबर २०१८ च्या कॅम्प फायरमध्ये ८५ माणसं गेली, त्यातली बहुसंख्य पासष्टीच्या पुढची. बाहेर पडायला रस्ते मोजके होते आणि ते तुंबले. जंगलापासून लांब राहिलं की झालं, असंही नाही. ऑरेगनमधली टॅलेंट आणि फिनिक्स ही गावं हायवेला लागून आहेत. तिथे ८ सप्टेंबर २०२० ला अल्मेडा फायरने सुमारे अडीच हजार घरं खाल्ली, त्यात निवृत्तांच्या मोबाइल होम पार्कांतली कित्येक होती. म्हणून गावातून बाहेर पडायला किमान दोन वेगळ्या दिशांना रस्ते आहेत का, हे स्वतः गाडी चालवून बघा.

ऑफर देण्याआधी घराच्या विम्याचा लेखी कोट घ्या आणि विमा मिळाला तरच व्यवहार पक्का, अशी अट घाला. अग्निशमन केंद्र ५ मैलांच्या आत आणि हायड्रंट (आग विझवायला पाणी देणारा रस्त्यावरचा नळ) १,००० फुटांच्या आत असेल तर विमा मिळणं बरंच सोपं जातं. बऱ्याच गावांतलं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं असतं. घराभोवतीचं गवत आणि पाइनच्या सुया दरवर्षी साफ कराव्या लागतात. पंचाहत्तरीत ते कोण करणार आणि किती पैसे घेणार, तोही आकडा खर्चात धरा.

पायरी ६: काय विकत घेताय, ते नीट वाचा

स्वस्त दिसणारं घर पुष्कळदा मॅन्युफॅक्चर्ड होम, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणलेलं असतं: घर तुमचं, खालची जागा पार्कमालकाची. जागाभाडं वाढलं तर घर उचलून नेणं कागदावरच शक्य असतं. १५ जून १९७६ च्या आधी बांधलेलं असेल तर सोडून द्या, कारण केंद्रीय बांधकाम नियम त्या दिवसापासून लागू झाले आणि जुन्या घरांना कर्ज व विमा मिळवणं अवघड जातं.

पंचावन्नच्या पुढच्यांच्या वसाहतींत किमान ८० टक्के घरांत पंचावन्न पूर्ण केलेली एक तरी व्यक्ती असावी लागते. पाहुणे मुलं-नातवंडं किती दिवस राहू शकतात याचे नियम प्रत्येक वसाहतीचे वेगळे. उन्हाळाभर नात राहायला येणार असेल तर सही करण्याआधी ते पान वाचा.

गावाबाहेर जमीन घेत असाल तर दोन गोष्टी चक्रावून टाकतील. जमिनीखालचं खनिज तुमचं असेलच असं नाही; १९१६ च्या होमस्टेड कायद्याखाली वाटलेल्या जमिनींखालचं खनिज आजही केंद्र सरकारचं आहे. दुसरं, अ‍ॅरिझोना, नेवाडासारख्या राज्यांत बराच भाग ‘ओपन रेंज’ आहे. शेजाऱ्याच्या गाई तुमच्या मेथीच्या वाफ्यात शिरल्या तर दोष तुमचा, कुंपण तुम्ही घालायला हवं होतं. कोंडवाड्याची धमकी तिथे चालत नाही.

पायरी ७: मेडिकेअरच्या तारखा पाळा

पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात, तो महिना, आधीचे तीन आणि नंतरचे तीन, अशी मेडिकेअरमध्ये नाव नोंदवायला सात महिन्यांची मुदत असते. नोकरीचा विमा नसताना पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) घ्यायला उशीर केला, तर पूर्ण बारा महिन्यांच्या प्रत्येक विलंबामागे हप्ता १० टक्के वाढतो, आणि ती वाढ सहसा कायमची असते.

मूळ मेडिकेअर देशभर चालतं. त्याऐवजी घेता येणाऱ्या, खाजगी कंपन्यांच्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज योजना मात्र काउंटीशी (जिल्ह्याशी) बांधलेल्या असतात. बे एरियातली योजना अ‍ॅरिझोनात चालेलच असं नाही. योजनेच्या क्षेत्राबाहेर घर हलवलं की दुसरी योजना घ्यायला थोडी मुदत मिळते. त्याच वेळी मूळ मेडिकेअरकडे वळलात, तर जुनं कव्हर संपल्यापासून ६३ दिवसांच्या आत काही मेडिगॅप (मूळ मेडिकेअरमधून सुटणारा खर्च भरणारा पूरक विमा) योजना तब्येतीची चौकशी न करता मिळतात. छोट्या गावात डॉक्टरांची निवड आधीच कमी, म्हणून मी मूळ मेडिकेअर अधिक मेडिगॅप याच बाजूचा आहे, हप्ता जास्त असला तरी. आणि हिवाळा पुण्यात काढणार असाल तर लक्षात असू द्या, मेडिकेअर भारतात चालत नाही. प्रवासी विमा वेगळा.

पायरी ८: माणसं जोडायची तयारी ठेवा

प्रेस्कॉटहून फिनिक्स सुमारे १०० मैल, सेंट जॉर्जहून लास व्हेगस १२० मैल. कढीपत्ता, गणपती, नाटकाचा प्रयोग, सगळं तिकडे. दर महिन्याला तेवढी गाडी हाकायची हौस किती वर्षं टिकेल, ते दोघांनी वेगवेगळं कागदावर लिहा आणि मग ताडून बघा. बऱ्याचदा एकाला शांतता हवी असते आणि दुसऱ्याला माणसं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या) ‘उत्तररंग’ कार्यक्रमात अशी स्थलांतरं केलेली मंडळी भेटतात, त्यांना गाठून बोला.

गावात ओळखी होतात त्या वाचनालयात, सिनिअर सेंटरवर, चर्चच्या फूड बँकेत पोती उचलताना. पहिल्या महिन्यात स्वयंसेवक म्हणून नाव द्या. हायवेवरचं मोटेल बहुधा पटेलांचं असतं. तिथेही एकदा डोकावा, गावात भाजी कुठली बरी आणि डॉक्टर कुठला बरा, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पायरी ९: कागद बदला

नव्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदार नोंदणी आणि बँकांचे पत्ते लगोलग बदला. कॅलिफोर्नियाचा करविभाग तुम्ही खरंच गेलात का, हे अशाच खुणांवरून तपासतो. ट्रस्ट, मृत्युपत्र, वैद्यकीय निर्णयांचं अधिकारपत्र नव्या राज्यातल्या वकिलाकडून तपासून घ्या. अधिकारपत्राची एक प्रत गावातल्या हॉस्पिटलच्या नोंदीत घालायला सांगा, दुसरी दूरच्या शहरात राहणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्ये ठेवा, आणि शेजाऱ्याचा नंबरही त्यांच्याकडे द्या.