ऑफिसने परत बोलावले, आता कुत्र्याचे काय? वेळ आणि खर्च यांचा मेळ कसा घालावा

घरून काम करण्याची मुभा संपल्याचा मेल आला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा लोकलची गर्दी किंवा हिंजवडीची वाहतूककोंडी उभी राहते. २०२० नंतरच्या काळात ज्यांनी घरी बसल्या बसल्या कुत्रा पाळला, त्यांना मात्र त्याआधी वेगळाच घोर लागतो. जो प्राणी पिल्लू असल्यापासून घरात चोवीस तास कोणी ना कोणी असलेलेच पाहत आला, तो दहा-अकरा तास एकटा राहणार कसा आणि त्याच्यासाठी माणूस लावायचा तर महिन्याला किती पैसे मोजावे लागणार? हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात, कारण नोकरीतला बदल घरखर्चात शिरतो तो वेळेच्या वाटेने. आपण घरी होतो तोवर दुपारी खाली नेणे, केस विंचरणे, गोचिडी तपासणे ही सगळी कामे फुकट होत होती; आता त्यांतले जे आपल्याकडून होणार नाही, त्याचे पैसे कोणाला तरी द्यावे लागतील. म्हणून रुपयांच्या आधी तासांचा हिशोब मांडावा.

पायरी १ : घर किती तास रिकामे राहते ते लिहून काढावे

एका कागदावर सोमवार ते रविवार असे रकाने आखून घरातल्या प्रत्येकाची बाहेर पडण्याची आणि परतण्याची वेळ, प्रवास धरून, लिहावी. दारावर कुलूप असेल तेवढेच तास रंगवावेत. निरोगी प्रौढ कुत्रा साधारण सहा ते आठ तास लघवी रोखू शकतो; पिल्लाच्या बाबतीत वयाच्या महिन्यांत एक मिळवून जो आकडा येईल तितके तास, असा ठोकताळा आहे. या मापाने पाहिले तर सोय लागते ती बहुधा पूर्ण दिवसाची नसून मधल्या एका फेरीची, आणि तीही आठवड्यातल्या दोन-तीन दिवसांपुरती, हे अनेकांच्या लक्षात येते.

हा कागद हाती आल्यावरच वरिष्ठांशी बोलावे. 'घरी कुत्रा आहे' एवढेच सांगितले तर समोरचा हसून विषय बदलण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी 'मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसातला येऊन साडेचारला निघालो तर चालेल का' असा नेमका प्रस्ताव ठेवला, तर त्याला होकार किंवा नकार तरी मिळतो. पती-पत्नी दोघेही आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जाणार असतील, तर ते दिवस शक्य तितके वेगवेगळे मागून घ्यावेत. तीन-तीन दिवस जुळवताना एखादाच दिवस सामाईक राहतो, आणि पैसे देऊन माणूस लावण्याची वेळ त्या एकाच दिवसापुरती येते. या लेखातली सर्वांत मोठी बचत हीच आहे, आणि तिच्यासाठी दुकानात पाऊलही टाकावे लागत नाही.

पायरी २ : एकटे राहण्याची सवय आधीच लावावी

ऑफिस सुरू होण्याच्या निदान चार आठवडे आधी हे काम हाती घ्यावे. कुत्रा आपण गेल्यानंतर अस्वस्थ होतो असे आपल्याला वाटते. खरे तर चपला घातल्या, किल्ली खुळखुळली, पाठीवर बॅग चढली की तिथूनच त्याची तगमग सुरू होते. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा चपला घालून, किल्ली हातात घेऊन परत सोफ्यावर येऊन बसावे. हे इतक्या वेळा करावे की त्या आवाजाचा अर्थच त्याच्या लेखी उरू नये. त्यानंतर दाराबाहेर एक मिनिट, मग पाच, मग पंधरा, असे वाढवत न्यावे. वेळ वाढवल्यावर तो रडू लागला, तर मागच्या टप्प्यावर यावे. जाताना लाडाने निरोप घेऊ नये आणि परतल्यावर दारातच जत्रा भरवू नये, हे कुत्र्यापेक्षा घरातल्या मंडळींनाच अधिक जड जाते.

जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून ठेवला की मागे काय घडते ते कळते. बहुतेक कुत्रे थोडा वेळ दाराशी बसून झोपी जातात. सतत भुंकणे, दार ओरबाडणे, लाळ गाळणे असे दिसले, तर तो हट्ट नसून विरहाची भीती आहे. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, मारहाण अजिबात करू नये. भुंकण्याची तक्रार सोसायटीत गेली की प्रकरण अकारण चिघळते. सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. तरीही शेजाऱ्यांशी असलेले संबंध परिपत्रकाच्या जोरावर टिकत नाहीत, त्यामुळे खालच्या-वरच्या घरांत 'पहिले काही दिवस आवाज होईल' असे आधीच सांगून ठेवावे.

पायरी ३ : दुपारची फेरी

प्रथम इमारतीतच पाहावे. फिरायला सोबत हवी असलेले निवृत्त काका-काकू, कुत्रा पाळण्याची परवानगी न मिळालेला कॉलेजातला मुलगा, किंवा स्वतः कुत्रा पाळणारे दुसरे कुटुंब यांपैकी कोणी ना कोणी सापडतेच. दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करता आली तर उत्तम: त्यांच्या ऑफिसच्या दिवशी आपण, आपल्या दिवशी ते. पगारी माणूस लावायचा झाल्यास महिन्याचा सरसकट दर न ठरवता फेरीमागे दर ठरवावा, आणि पहिले दोन-तीन दिवस आपण घरी असतानाच त्याला कुत्र्याची ओळख होऊ द्यावी.

पायरी ४ : मागील तीन महिन्यांचा खर्च तपासावा

यूपीआयच्या नोंदी उघडून कुत्र्यावर झालेला प्रत्येक खर्च वहीत उतरवावा. खेळणी, सदरे, वाढदिवसाचा केक, महिन्याकाठी पार्लरमधली आंघोळ यांवर गेलेले पैसे पाहून थोडी लाज वाटेल. ती वाटू द्यावी आणि हा खर्च थांबवावा. आखूड केसांच्या देशी कुत्र्याला पार्लरची गरज नसते, घरची बादली आणि कुत्र्यांचा शाम्पू पुरतो. खेळण्यांऐवजी जुनी जीन्स पिळून मारलेली गाठ चालते.

मात्र कात्री लावू नयेत अशा तीन गोष्टी आहेत: लस, जंतांचे औषध आणि गोचिडींचे औषध. एका पावसाळ्यात मी गोचिडींची गोळी 'पुढच्या महिन्यात देऊ' म्हणून टाळली होती. पुढच्या महिन्यात कुत्र्याला गोचीड ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या, रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागल्या आणि २८ दिवस औषध चालले. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम गेली ती गेलीच, वर सुट्याही संपल्या. गोचीड आयुष्यातला बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे तर भिंतींच्या भेगांत आणि गादीच्या शिवणींत काढते, त्यामुळे औषधाबरोबर घराची सफाईही करावी लागते. औषधांची तुलना करताना पाकिटाच्या किमतीला ते जितके दिवस चालते त्या आकड्याने भागावे; एक गोळी महिनाभर आणि दुसरी बारा आठवडे चालत असेल, तर महाग दिसणारी पुष्कळदा स्वस्त पडते. घरात मांजर असल्यास कुत्र्याचे गोचिडींचे औषध तिला चुकूनही लावू नये. त्यांपैकी काहींत परमेथ्रिन असते आणि ते मांजरीच्या जिवावर बेतते.

पायरी ५ : खाद्य वजन करून द्यावे

महिन्याच्या खर्चाचा मोठा भाग खाण्याचा असतो, आणि त्यात गळती होते ती डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेल्या वाट्यांमुळे. १५ किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी लागतात. पाकिटावर १०० ग्रॅममागे ३५० किलोकॅलरी लिहिल्या असतील, तर रोज सुमारे २४० ग्रॅम पुरेत, म्हणजे १० किलोची पिशवी जवळजवळ सहा आठवडे जाते. ती चारच आठवड्यांत संपत असेल, तर पैसे आणि चरबी दोन्ही वाढत आहेत. दोन कंपन्यांची तुलनाही किलोच्या दराने न करता, दिवसाला लागणाऱ्या ग्रॅमच्या किमतीने करावी. मोठी पिशवी स्वस्त पडते खरी, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात उघडी पिशवी दमट होऊन बुरशी धरते. चार-पाच आठवड्यांत संपेल एवढीच घ्यावी आणि मूळ पिशवीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

अर्धे जेवण घरचे देणे परवडते. भात किंवा नाचणी, उकडलेले चिकन, अंडे, लाल भोपळा, थोडे दही हे चालते. केवळ घरच्या अन्नावर ठेवायचे असेल, तर कॅल्शियम कमी पडते, तेव्हा प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. आपल्या ताटातले कांदा-लसूण घातलेले कालवण, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट देऊ नये.

पायरी ६ : दवाखाना आणि औषधे

खासगी दवाखाना सोडण्याची आवश्यकता नाही. नेहमीच्या कामांसाठी मात्र इतर पर्याय माहीत असावेत. मुंबईत परळला १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. पुण्यात औंधला शासकीय पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी दर सहसा कमी असतात, पण रांग लांब असते, म्हणून हे काम सुटीच्या दिवशी काढावे. ६ जुलैचा प्राणिजन्य आजार दिन आणि २८ सप्टेंबरचा रेबीज दिन या सुमारास अनेक शहरांत रेबीजची लस मोफत देणारी शिबिरे भरतात. गोव्यात तर २०१४पासून मोफत लसीकरणाची मोहीम चालू आहे.

डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी. गोचीड तापावरील डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधे माणसांचीच असतात आणि जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. मात्रा मात्र डॉक्टरच ठरवतील. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन परस्पर देऊ नये. मादीची नसबंदी राहिली असेल, तर ती ऑफिस सुरू होण्याआधीच उरकावी, कारण गर्भाशयात पू होऊन मध्यरात्री करावी लागणारी शस्त्रक्रिया नियोजित नसबंदीच्या मानाने फार महाग पडते आणि धोक्याचीही असते.

वाचलेल्या पैशांतून दरमहा ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी. विमा घेण्याचा विचार असल्यास आधीचे आजार आणि प्रतीक्षाकाळ यांविषयीच्या अटी आधी वाचाव्यात.

पायरी ७ : पंधरवड्याने पुन्हा कागद काढावा

ऑफिस सुरू होऊन दोन आठवडे झाले की पहिला कागद पुन्हा समोर घ्यावा. ट्रेन चुकल्याने कोणत्या दिवशी उशीर झाला, दुपारची फेरी किती वेळा बुडाली, कुत्र्याचे खाणे आणि झोप बदलली का, हे त्यावर लिहावे. फेरी वारंवार बुडत असेल तर माणूस बदलावा. कुत्रा शांत झोपत असेल तर एखादी फेरी कमीही करता येते. काहीच जमत नसेल, तर काही महिन्यांसाठी गावी आई-वडिलांकडे किंवा ओळखीच्या घरी ठेवावे, आणि सोबत लसीकरणाचे पुस्तक, रोजच्या खाण्याचे माप व डॉक्टरांचा फोन नंबर लिहून द्यावा. रस्त्यावर सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जेमतेम ५० रुपयांपर्यंत असल्यामुळे त्याची भीती कोणाला वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.